स्पीड सुधारा, सूं-सूं राहू द्या

नमस्कार इंदूरकर मंडळी! आधीच सांगून टाकतो, आज ज्या रेकॉर्डिंगांबद्दल बोलणारे ती ऐकायला बऱ्याचदा खराबच असतात. रॉक कॉन्सर्टला गेलेल्या एखाद्या चाहत्याने पब्लिकमधे बसून, माइक टोपीत नाहीतर जॅकेटमधे लपवून केलेली. ड्रम लांबून येतात, शेजारचा माणूस गायकापेक्षा जोरात ओरडतो आणि मागे टेपची सतत सूं-सूं. तरी लोक चाळीस-पन्नास वर्षं ती जपतात, दुरुस्त करतात, एकमेकांना देतात. आपल्या माळव्यात हे समजवायला फार कष्ट पडू नयेत म्हणा, कुमारजींच्या नाहीतर अमीर खाँसाहेबांच्या बैठकीची कॅसेट इथल्या घराघरातून अशीच फिरलीये की, कोणाच्या तरी खोकल्यासकट.

यातले मुरलेले लोक म्हणजे अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड बँडचे चाहते. बँडने रेकॉर्डिंगला कधी फारसा विरोध केला नाही, आणि १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर माइकचे दांडे घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागाच ठेवली. अट एकच, विकायचं नाही. याच्या अगदी उलट इंग्लंडचा लेड झेपलिन बँड. त्यांचे मॅनेजर पीटर ग्रँट चोरून रेकॉर्ड करणाऱ्यांवर इतके खार खाऊन असायचे की १९७१ मधे व्हँकुव्हरला आवाजाची पातळी मोजायला आलेल्या सरकारी माणसाचं यंत्रच फुटलं, चोर समजून! आणि गंमत बघा, त्याच बँडची लॉस एंजेलिसच्या फोरम या मोठ्या हॉलमधली अतिशय सुरेख रेकॉर्डिंगं आहेत, कारण माइक मिलार्ड नावाचा पठ्ठ्या धडधाकट असून व्हीलचेअरमधे बसून आत जायचा आणि खुर्चीखाली नाकामिची कंपनीचा जड डेक, म्हणजे कॅसेट रेकॉर्डर.

आता दुरुस्ती. इथे माझं मत जरा कडक आहे, जे चुकलंय ते सरळ करा पण जे घाण वाटतंय ते धुवायला जाऊ नका. सूं-सूं काढायचं सॉफ्टवेअर आजकाल एका क्लिकवर मिळतं, लोक ते पूर्ण खेचतात, मग झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि टाळ्यांचं भजं. गेलेलं परत येत नाही.

चुकलेलं म्हणजे काय, तर पहिलं डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग. टेपच्या धावेला ते बरोब्बर काटकोनात नसलं, जरासं कललेलं असलं की वरचे सूर मेलेच. हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवायची, आवाज मोनो करायचा आणि छोट्या पेचकसने तो केसभर केसभर फिरवायचा, एका जागी झांजा एकदम उघडतात, तिथे थांबायचं. हे दर कॅसेटला नव्याने, कारण मूळ रेकॉर्ड करणाऱ्याचा डेक वेगळा कललेला असतो. पुष्कळ लोक ज्याला गेलेली कॅसेट म्हणतात ती एवढ्यानेच जिवंत होते. डेकचा पट्टा ढिला असेल तर तो आधी बदला, महाराणी रोडला विचारलं तर अजून मिळतात.

दुसरं स्पीड, आणि हा खरा मजेचा भाग. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळायला हवी, पण बॅटरी उतरलेला रेकॉर्डर हळू पळतो आणि मग चांगल्या डेकवर तेच गाणं घाईत वाजतं. लोक म्हणतात गिटारच्या सुरावरून ओळखा. नाही ओळखता येत, हेंड्रिक्ससारखे कित्येक जण गिटार अर्धा सूर उतरवून लावायचे, अर्धा सूर म्हणजे जवळजवळ ६ टक्के, तुम्ही सुधारायला जाल आणि वाट लावाल. त्यापेक्षा विजेची घूं-घूं बघा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. स्टेजवरच्या अँप्लिफायरची ती घूं-घूं रेकॉर्डिंगमधे उतरलेली असते, गाणी संपल्यावरच्या शांत जागी कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रममधे, म्हणजे कोणता सूर किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, रेघ दिसते. ती ६१.२ वर दिसली तर टेप २ टक्के जोरात, तेवढं कमी करा. आता इथे गोची अशी, तीच कॅसेट पुढे आपल्याकडे कोणी कॉपी केली असेल तर त्या डेकची ५० ची रेघ पण वर चढलेली असते, म्हणजे कॅलिफोर्नियाची वीज आणि इंदूरची वीज एकाच टेपवर, आणि दुसरीवरून मोजलं तर भलतंच उत्तर येतं. दोन्ही रेघा दिसल्या की मला तर फार भारी वाटतं.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि ती संपते नेमकी लांबलचक सोलोच्या मधोमध. उलटवेपर्यंतचं गेलेलं दुसऱ्या कोणाच्या रेकॉर्डिंगमधून जोडतात. पण ३० मीटर मागे बसलेल्याकडे आवाज सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन यंत्रं एका चालीने पळतही नाहीत, त्यामुळे सांधा बसवण्यात अख्खी संध्याकाळ जाते. जोडा जरूर, पण कोणत्या मिनिटाला काय जोडलं ते लिहून ठेवा.

देवाणघेवाणीत पण सगळा भर या लिहिण्यावरच. कोणता माइक, कोणता रेकॉर्डर, मास्टरपासून, म्हणजे मूळ टेपपासून, कितवी कॉपी, कशावर वाजवून कॉम्प्युटरमधे घेतली, ही सगळी वंशावळ फाइलसोबत जाते. पूर्वी कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की कॉपी यायची, आता फ्लॅक फाइल जाते, जी लहान होते पण काही गमावत नाही. एमपी३ दिली तर लोक तोंड वाकडं करतात, आणि बरोबर करतात. पैसे मागितले तर मात्र दार बंद. ज्या कलाकारांनी परवानगी दिली नाही त्यांच्याबाबत मी तरी हात आखडता घेतो, आपल्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आलाय.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल, रॉकची नाहीतर गणेशोत्सवातल्या गाण्याची, तर एकदम डेकमधे कोंबू नका. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर बाजूला ठेवा, ती हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. टेपमागची फेल्टची गादी निखळली असेल तर आधी ती बसवा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे, आणि मगच रेकॉर्डिंग. आणि कव्हरवर पेनने जे काही खरडलंय त्याचा फोटो काढा, तारीख चुकीची वाटली तरी.