चारशे पावलांवरचं पाणी

(पहाट. बसच्या काचेवर दव. बाहेर हरभऱ्याची शेतं.)

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की सिमरोलपर्यंत माळव्याचं पठार काही सोबत सोडत नाही. हरभरा, गहू, मधेच आयआयटीच्या इमारती, पुन्हा गहू. मग अचानक रस्ता खाली बघायला लागतो. हा भेरू घाट. नाव भैरवाचं. ट्रकवाले त्याचं नावही घेतात आणि ब्रेकही तपासतात.

खिडकीशी बसलेत ते माझे काका, मावशीचे यजमान. वय त्र्याहत्तर. मावशीचा या सहलीला विरोध होता. ‘आधी स्वतःचे गुडघे बघा,’ म्हणाली. काकांनी गुडघे बघितले, त्यांना तेल लावलं आणि पिशवी भरली. त्यांचा मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ तांदूळ-डाळ घेऊन मागच्या सीटवर झोपलाय. कॅमेरा माझ्याकडे.

आम्ही चाललोय वनखात्याच्या एका जुन्या विश्रामगृहात. विश्रामगृह या शब्दानं फसू नका. दोन खोल्या, एक पडवी, मागे वेगळं स्वयंपाकघर. वीज नाही, नळ नाही. शेवटचे सहा किलोमीटर पायी. त्या जागेचं नाव मी सांगणार नाही, मुद्दामच. इंदूरची माणसं रविवारी कुठे जातात आणि मागे काय काय टाकून येतात, ते पाताळपाणीच्या धबधब्यावर एकदा बघून या, म्हणजे कारण विचारणार नाही.

(पायवाट. सागाची वाळकी पानं. पावलांचा आवाज.)

डिसेंबरात सागाचं जंगल बोलकं असतं. पानं पापडासारखी वाळलेली, आणि तळव्याएवढी नव्हे, सुपाएवढी. त्यावरून तीन माणसं चालली की अर्ध्या कोसावरच्या भेकराला वर्दी जाते. प्राणी दिसावेत म्हणून येणाऱ्यांनी या दिवसांत येऊ नये. आम्ही त्यासाठी आलोच नव्हतो.

अशी घरं हिंदुस्थानच्या जंगलांत जागोजाग आहेत, आणि ती कुणाच्या सुट्टीसाठी बांधलेली नाहीत. १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन गृहस्थ देशाचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्या काळात रेल्वेचे रूळ पसरत होते, रुळांखाली स्लीपर लागत होते, आणि स्लीपरसाठी साग पडत होता. जंगल मोजायचं, राखायचं आणि हिशेबानं तोडायचं, तर साहेबाला जंगलात फिरायला हवं. घोड्यावर, नाहीतर पायी. म्हणून एका दिवसाच्या चालीवर एकेक घर. संस्थानांनीही तोच कित्ता गिरवला. या डोंगराच्या पलीकडून उतरायची ती खंडवा-इंदूर मीटरगेज रेल्वे आठवा. तिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. संस्थानानं साहेबाला कर्ज द्यावं, हे इंदूरकर आजही जरा मान ताठ करूनच सांगतो.

आमचं घर नक्की कधीचं? दारावरच्या दगडात साल कोरलंय, पण त्यावर चुन्याचे इतके हात बसलेत की फक्त एक आठ वाचता येतो. चौकीदार सांगतो, होळकरांच्या वेळचं. पण चौकीदार वाटेतला पूलसुद्धा होळकरांच्या वेळचाच सांगत होता, आणि त्यावर सिमेंट कंपनीची जाहिरात होती.

(घर. काळ्या दगडाच्या भिंती, कौलं, पडवीत निवारीची खाट.)

राहण्यासाठी वनमंडळाच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्यातली एक अट मला फार आवडली: दौऱ्यावर अधिकारी आला, तर तुमची खोली गेली. म्हणजे घर अजूनही मूळ मालकाची वाट बघतंय. शिधा आपला आपण न्यायचा. विस्तव फक्त चुलीत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा मोसम, त्या दिवसांत तर काडी ओढताना दोनदा विचार करायचा.

पिशव्या टेकवल्या, आणि मावसभावानं पहिला प्रश्न विचारला तो शहरातल्या माणसाचाच. ‘नळ कुठेय?’

चौकीदारानं हनुवटीनं खाली दाखवलं. ‘नाला है ना.’

चारशे पावलं. मी मोजली. घर बांधणाऱ्यांना पाणी जवळ हवं होतं, पण इतकंही जवळ नको होतं. रात्री त्या पाण्यावर जनावरं येतात, त्यांची वाट अडवायची नाही. पावसात नाला कुठवर चढतो तेही बघायचं. चारशे पावलांमागे हा सगळा विचार आहे. जाताना उतार, आणि येताना खांद्यावर दहा लिटरचा कॅन घेऊन तोच उतार चढ झालेला.

नाला आता बोटभर उरलाय. चौकीदार त्यातून पाणी घेत नाही. काठाच्या वाळूत हातानं खड्डा करतो, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकतो, आणि थांबतो. वाळूतून गाळून स्वच्छ पाणी हळूहळू वर येतं. आपण झिरा म्हणतो, तो झिरी म्हणाला. नारळाच्या करवंटीनं एकेक करवंटी भरत कॅन भरायचा. कॅन भरायला वीस मिनिटं. मावसभाऊ पाचव्या मिनिटाला मोबाईल काढून बघत होता. रेंज नव्हती, मग करवंट्या मोजत बसला.

काकांनी खिशातली डायरी काढून हिशेब मांडला. आयुष्यभर लेखापालाची नोकरी, हात थांबत नाही. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवं, असं सरकारी मोजमाप आहे. तिघांचे झाले ४०५. एक लिटर म्हणजे एक किलो. चारशे पाच किलो पाणी, दहा-दहा लिटरनं. काकांनी पेन टोपणात घातलं. ‘एक्केचाळीस खेपा. कोण करतंय?’

कुणीच करत नव्हतं. आम्ही चार खेपा ठरवल्या, चाळीस लिटर, आणि त्यात उद्या सकाळपर्यंत भागवायचं.

(चूल. पळसाची पानं. निखारे.)

पाणी मोजकं असलं की स्वयंपाकही बदलतो. माळव्यात जंगलात जेवण म्हणजे दाल-बाफले. पण बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी पाण्यात उकडायचे आणि मग गोवऱ्यांवर भाजायचे. उकडायला पाणी कुठलं? चौकीदारानं मक्याचं पीठ घट्ट मळलं, पळसाच्या दोन पानांत थापलं आणि पानांसकट निखाऱ्यांत सारलं. हे पानिये. पान जळतं, भाकरी भाजते, पानाचे शिरांसकट ठसे तिच्यावर उमटतात. वर आमटी, आणि इंदूरकर म्हणून सोबत आणलेली शेव. ताट म्हणूनही पळसाचीच पानं. भांडी राखेनं घासली आणि वाटीभर पाण्यात विसळली. घरी बेसिनशी उभा राहून मी एक चमचा धुतो, तेवढ्यात यापेक्षा जास्त पाणी जातं. हे मला आधीही ठाऊक होतं. पण कॅनचा पट्टा खांद्यावर रुतल्याशिवाय त्याचं काही वाटलं नव्हतं.

रात्री थंडी कौलांतून आत आली. पडवीसमोर एक कांडोळाचं झाड आहे. इकडे त्याला कुल्लू म्हणतात. खोड पांढरं, गुळगुळीत, एकही पान नाही. चांदणं पडलं की ते उजळतं आणि माणूस उभा असल्यासारखं दिसतं. लोक त्याला भुताचं झाड का म्हणतात, ते एका नजरेत कळलं. नाल्याच्या बाजूनं करवत ओढल्यासारखा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. मी चौकीदाराला विचारलं, बिबट्या? ‘होगा,’ म्हणाला आणि कूस बदलली.

झोप आम्हा दोघांची उडाली, काकांची आधीच उडालेली होती. कंदिलाशी बसून ते १९७० सालाबद्दल बोलायला लागले. कॉलेजचं पहिलं वर्ष. इंदूर वाढलेलं, यशवंतसागर तलावाचं पाणी पुरेना. नर्मदा इंदूरला आणा म्हणून शहर रस्त्यावर उतरलं होतं. विद्यार्थी, व्यापारी, घरच्या बायका. काका राजवाड्याच्या मोर्चात होते. ‘घोषणा काय होत्या?’ मी विचारलं. घोषणा त्यांना नीटशा आठवेनात. आठवत होती ती मोर्चा संपल्यावर लागलेली तहान, आणि एका अनोळखी घरातल्या आजींनी दारात येऊन तांब्या पुढे केला ते. ‘त्यांच्या घरातसुद्धा पाणी नव्हतं रे. तरी दिलं.’

नर्मदा आली ती १९७८ साली. मंडलेश्वरजवळ जलूदला ती उचलतात, पाचशे मीटरहून जास्त वर चढवतात, वांचू पॉइंटवरून ती उतरत शहरात येते. सत्तर किलोमीटर. त्यासाठी पंप अखंड चालतात, आणि आपल्याकडे मात्र नळ एक दिवसाआड येतो म्हणून आपली चिडचिड.

(काकांचा हात. डायरीच्या पानावर पेनानं काढलेला नकाशा.)

मग काकांनी नकाशा काढला. हा घाटाचा माथा. याच्या उत्तरेला पडलेला पाऊस आपल्या इंदूरची कान्ह, मग क्षिप्रा, चंबळ, यमुना असं करत गंगेला जातो. दक्षिणेला पडलेला चोरल नदीला. चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते. आणि जलूद बडवाहच्या खाली आहे.

मावसभावाला आधी उमगलं. ‘म्हणजे आपल्या नळाला हाच नाला येतो?’

‘येतो. थोडासा. आणि आपण तो वापरून कान्ह नदीत सोडला, की तो पुन्हा इकडे येत नाही. जायचं अरबी समुद्राला, पोहोचतो बंगालच्या उपसागरात.’

(पहाट. रिकामी खाट.)

सकाळी सहाला जाग आली तर काका खाटेवर नव्हते. कॅनही नव्हता. चौथी खेप राहिली होती, ती आणायला एकटेच गेले होते. मावशी, हा भाग तू बघू नकोस. वर येताना तीनदा बसले. मी धावत गेलो, तर कॅन देईनात. ‘सत्तर सालापासून दुसऱ्यानं उचललेलं पितोय,’ म्हणाले, ‘एकदा माझं मी उचलतो.’ पडवीत पोहोचल्यावर मात्र पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

निघताना डायरीतला हिशेब असा होता. पिण्याला ९ लिटर, स्वयंपाकाला ४, चहाला ३, हात-तोंड आणि भांडी ८, संडासला १४. एकूण ३८. कॅनच्या तळाशी दोन लिटर शिल्लक होतं.

चौकीदारानं कुलूप लावलं. परतीची वाट नाल्यावरूनच जाते. तिथे काका थांबले, कॅनचं झाकण काढलं, आणि ते दोन लिटर सावकाश नाल्यात ओतलं.

‘चल, हो पुढे,’ पाण्याला म्हणाले. ‘चोरलच्या धरणात अडकू नकोस. आम्ही बसनं येतो.’