आधी छप्पर, मग पाटी

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. विषय रुक्ष आहे. जुन्या बाजारपेठेतल्या खिळखिळ्या झालेल्या दुकान-इमारतींच्या दुरुस्तीला सरकारने अनुदान द्यावं का, आणि द्यायचं तर कशासाठी? मी इंजिनियर माणूस, इमारती ठोकून बघणं हे माझं काम. भिंतीवर हातोडी मारली की खणखणीत आवाज यावा लागतो. भद्द आवाज आला की आत काहीतरी सुटलंय.

काही वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या एका दुकानदाराने मला बोलावलं. दुकानाला नवीन मोठी पाटी लावायची होती. एसीपी शीट, एलईडी, सगळं. "साहेब, वजन धरेल का भिंत, एवढंच बघा." मी म्हटलं, आधी माळ्यावर जाऊ. तो म्हणाला, माळ्यावर काय न्हाई ओ, रिकामी खोकी हैत. तरी चढलो. मंगलोरी कौलांच्या कडेची पन्हळ फुटलेली, पाणी सरळ भिंतीत. सागवानी तुळईचं जे टोक भिंतीत जातं, तिथे मी पेन टोचलं, तर अर्धं पेन आत गेलं. तुळई मधे बघितली तर ठणठणीत, शंभर वर्षांची असेल. टोकाला तिचा भुस्सा झालेला. आणि ती पाटी नेमकी त्या भिंतीवरच लागणार होती.

मी म्हटलं, पाटी राहू दे, आधी छप्पर कर. तो म्हणाला, "छप्पर माझं न्हाई, मालकाचं." मालक म्हणजे चार भाऊ, त्यातले दोन पुण्याला. भाडं महिना दोनशे रुपये. धाकट्या भावाला फोन लावला, तर तो हसला. "दोनशे रुपयांत छप्पर कोण घालतंय? पडू दे की एकदा."

"पडू दे की." आजचा सगळा विषय या तीन शब्दांत आहे.

तो भाऊ वाईट माणूस नव्हे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९९९ चा नवा कायदा मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. दोनशेवर ४ टक्के म्हणजे आठ रुपये. त्याच कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे. नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरूने करावी आणि भाड्यातून वळती करून घ्यावी, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हिशेब करा. वर्षाचे चोवीसशे, त्याचा चौथा हिस्सा सहाशे. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची हजेरीही निघत नाही. भाडेकरूने पागडी मोजलेली असते, त्यामुळे तोही जागा सोडत नाही. दोघांपैकी कुणीही खर्च केला तर फायदा दुसऱ्याचा. मग पाऊस आपलं काम करतो.

वर नोटिशीचा खेळ. पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते. हेतू जीव वाचवण्याचा. पण नोटीस लागली की मालकाला वाटतं भाडेकरू निघेल आणि भाडेकरूला वाटतं आपल्याला काढायला मालकानेच ती लावून घेतली. दोघे कोर्टात. इमारतीला कुणी टेकूही देत नाही, कारण टेकू दिला तर आपला दावा कमजोर होईल! मी स्वतः अशा खटल्यांत साक्ष दिली आहे. दोन्हीकडचे इंजिनियर एकाच भिंतीबद्दल उलट बोलतात.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण या कामासाठी सरकारी पैसा तिथे फार दिवस दिला गेला आणि चुकाही भरपूर झाल्या. तिथे अशा इमारतींना आणि भागांना 'ब्लाइट' म्हणतात. शब्द शेतातला आहे. ब्लाइट म्हणजे आपला करपा. बटाट्यावर, टोमॅटोवर पडतो तो. हा शब्द निवडला तिथेच अर्धी गडबड झाली, असं मला वाटतं. रोग म्हटला की पसरणार, आणि पसरणार म्हटलं की आख्खा प्लॉट उपटायचा. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना जमीन घेऊन पाडापाडी करायला केंद्राचा पैसा मिळाला. वॉशिंग्टनमध्ये एका डिपार्टमेंट स्टोअरचे मालक कोर्टात गेले. आमचं दुकान धड आहे, ते का घेता? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भाग ठरवताना एकेक इमारत बघायची गरज नाही. दुकान गेलं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १,४४५ कोटींची मान्यता दिली. त्या परिसरातल्या दुकानदाराच्या मनात पहिला प्रश्न 'माझं दुकान राहणार का' हाच येतो. तो चुकीचा नाही.

पुढे अमेरिकेला थोडी अक्कल आली. १९७४ पासून केंद्र शहरांना ठोक अनुदान देतं, आणि खर्च कुठल्या उद्देशाने करायचा याच्या तीन वाटा आहेत. त्यातली एक ब्लाइट हटवण्याची. तीही दोन तऱ्हेने. एक, आख्खा भाग ठरवून घ्यायचा. त्यासाठी किमान चतुर्थांश मालमत्ता खराब झालेल्या असल्या पाहिजेत, किंवा सार्वजनिक सोयींची तशीच पडझड दाखवावी लागते, आणि हा निर्णय दहा वर्षांनी परत तपासायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे एकटी इमारत धरायची. मग मात्र लोकांच्या जिवाला आणि आरोग्याला ज्याने धोका आहे तेवढंच दुरुस्त करायचं, बाकी मालकाने आपल्या खिशातून. ही दुसरी तऱ्हा मला फार आवडते.

पण त्याच नियमांत एक तिढा आहे. खाजगी धंद्याच्या मालकीच्या इमारतीला अनुदान द्यायचं तर ते बाहेरच्या बाजूसाठी, अॅस्बेस्टॉस आणि शिशाच्या रंगाचा धोका काढण्यासाठी आणि बांधकाम नियमांतल्या त्रुटी दूर करण्यासाठीच. जनतेच्या पैशाने कुणाचा गल्ला सजवायचा नाही, हे तत्त्व बरोबर आहे. पण पुढारी आणि अधिकारी दोघांनाही दर्शनी भाग सोपा पडतो. फोटो निघतो, फीत कापता येते. पन्हळीची फीत कोण कापणार? म्हणून तिकडच्या कितीतरी गावांत 'फसाड ग्रँट', म्हणजे दर्शनी भागाचं अनुदान, हेच काय ते अनुदान, असा समज झाला. आपल्या पाटीवाल्याचंच भावंड ते.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी नीट ऐका. असं अनुदान बहुधा आधी हातात पडत नाही. काम करा, बिलं भरा, तपासणी होऊ द्या, मग परतावा. तिकडे ऐतिहासिक इमारतींना केंद्राची २० टक्के करसवलत आहे, तीसुद्धा काम संपल्यावर. शिवाय घसारा वजा जाता हिशेबाच्या वहीत इमारतीची जेवढी किंमत उरली असेल त्याच्यापेक्षा जास्त खर्च करावा लागतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच पैसा मिळतो. छोट्या मालकाला मधले सहा-आठ महिने कोण काढून देणार? इथे मात्र आपण अमेरिकेपेक्षा श्रीमंत आहोत. कोल्हापुरात अर्बन बँका आहेत, पेठेतल्या माणसाला नावाने ओळखणारे मॅनेजर आहेत. अनुदान मंजुरीच्या पत्रावर मधल्या काळाचं कर्ज त्या देऊ शकतील.

मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर लावलेल्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. कर घ्यायचा, दुरुस्ती मंडळाने करायची. ते मुंबई शहरापुरतं. माझं मत विचाराल तर त्या पद्धतीने मालकाला इमारतीकडे पाठ फिरवायला सबब मिळाली. तसं इथे नको.

मग इथे काय? केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. शाहू महाराजांच्या काळातली १९१५ ची वास्तू. सगळं गाव हळहळलं आणि उभारणीला सरकारी पैसा आला, कारण ती वास्तू महापालिकेची. शेजारच्या गल्लीतल्या त्याच वयाच्या दुकानाचा माळा पडला तर पंचनामा होतो, बस्स. जुन्या वायरिंगवर चार-चार एसी चढवलेली दुकानं मी बघतो तेव्हा मला ते नाट्यगृहच दिसतं.

माझं म्हणणं असं, की पहिला पैसा छप्पर, पन्हळ, तुळयांची टोकं आणि वायरिंग यालाच जावा. दर्शनी भागाला शेवटी, उरला तर. आणि अर्जावर मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या हव्यात. दहा वर्षं भाडेकरूला काढणार नाही असं मालकाने लिहून द्यायचं, आणि भाडेकरूने ठरवून वाढीव भाडं द्यायचं. सही नाही तर रुपया नाही. कोर्टात वीस वर्षं न सुटलेलं भांडण अनुदानाच्या आमिषाने सुटताना बघायला मला आवडेल.

गिलाव्याचंही सांगतो, कारण इथे अनुदान उलटंही पडू शकतं. २०१९ ला पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ च्या वर गेली. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या काही गल्ल्यांत पाणी कितीतरी दिवस बसून होतं. शाहूपुरी ही १८९५ ची पेठ, तिथे दगड आणि चुन्याच्या भिंती अजून आहेत. पूर ओसरल्यावर ज्यांच्या भिंतीला चुन्याचा गिलावा होता त्या हळूहळू सुकल्या. सिमेंटचा गिलावा मारलेल्या भिंतींत ओल आतच कोंडली, मीठ फुटलं, पोपडे आले. आता टेंडर निघालं की दरसूचीत सिमेंटचा गिलावा सगळ्यात सोपा. सरकारी पैशाने चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं तर पैसे देऊन भिंत मारल्यासारखं होईल. चुना मळणारे गवंडी जिल्ह्यात अजून आहेत, त्यांचा दर सूचीत घालायला लावा.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे, 'पैसे येणार कधी?' काका, खाजगी दुकान-इमारतीच्या दुरुस्तीसाठी माझ्या माहितीत तरी आज इथे अशी योजना नाही. स्मार्ट सिटीच्या यादीत आपण नव्हतो, वारसा शहरांसाठीच्या केंद्राच्या 'हृदय' योजनेच्या बारा शहरांतही नव्हतो. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर झाला. शहरांच्या पुनर्विकासाच्या प्रकल्पाचा पाव हिस्सा त्यातून, पण निम्मा पैसा रोखे, कर्ज किंवा खाजगी भागीदारीतून उभा करण्याची अट. म्हणजे तयार फाइल ज्याच्याकडे तो आधी. आपल्याकडे फाइल सोडा, कुठल्या गल्लीतल्या कुठल्या माळ्याची तुळई कुजली आहे याची यादीसुद्धा नाही.

ती यादी मी करायला घेतलीय, गुजरीपासून. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत दोन-दोन इमारती. फी नाही, शिडी मी आणतो. तुम्ही फक्त मालकाची परवानगी लेखी घेऊन ठेवा आणि माळ्यावरची खोकी हलवा.