छापखान्याला पाठवलेली एक चिठ्ठी

मित्रहो, महात्मा फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक आहे. त्या पुस्तकाने पुण्यातल्या एका तरुणाला काय दिलं, यावर आपण पुष्कळ बोलत आलो आहोत. आज मला त्याच पुस्तकाची अर्धशतक आधीची, अमेरिकेतली गोष्ट सांगायची आहे.

१७९१ साल. अमेरिकेची राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. लंडनमध्ये नुकतंच निघालेलं हे पुस्तक हातोहात फिरत टॉमस जेफरसनकडे आलं. तो तेव्हा परराष्ट्र खातं सांभाळत होता. वाचून झाल्यावर प्रत छापखान्याकडे पोचवायची होती, म्हणून त्याने सोबत छोटीशी चिठ्ठी लिहिली. आपल्याकडेही जी राजकीय पाखंडं डोकं वर काढू लागली आहेत, त्यांच्याविरुद्ध अखेर कोणी जाहीर बोलतंय याचा आनंद वाटतो, अशा अर्थाची. छापणाऱ्याने ती चिठ्ठी जेफरसनच्या नावासकट पुस्तकाच्या आरंभीच छापून टाकली. रोख उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सवर आहे, हे जाणत्यांना लगेच कळलं. जेफरसनने ॲडम्सला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली, पण ॲडम्सच्या मुलाने टोपणनावाने वर्तमानपत्रातून पेनवर टीका सुरू केली होती. पंधरा वर्षांच्या मैत्रीला तडा गेला.

हे दोघे काही साधे सहकारी नव्हते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पाच जणांच्या समितीत दोघे होते. मसुदा जेफरसनचा, आणि काँग्रेसमध्ये त्यासाठी झुंजला तो ॲडम्स. मग दोघांचं बिनसलं कशावरून?

पेन म्हणत होता, मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा हक्क नाही. प्रत्येक पिढी आपल्यापुरती मुखत्यार. जेफरसनला हे मनापासून पटलेलं होतं. हाच जेफरसनचा विचार डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला आपल्या घटना समितीत उद्धृत केला, राज्यघटना दुरुस्त करण्याची वाट मोकळी का ठेवली ते सांगताना. ॲडम्सला मात्र काळजी वेगळी होती. सत्ता हातात आली की राजा बिघडतो, श्रीमंत बिघडतात, तसाच जमावही बिघडतो. म्हणून एका सभागृहावर दुसऱ्याचा पहारा हवा आणि दोघांवर लगाम ठेवणारा खंबीर प्रमुख हवा.

अठराव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या विचारमंथनाला आपण ‘प्रबोधन’ म्हणतो, जणू तो एकच विचार होता. तसं नव्हतं. माणसाच्या विवेकावर भरवसा ठेवणारं प्रबोधन होतं आणि माणसाच्या लोभाचा थंड डोक्याने हिशेब मांडणारंही प्रबोधनच होतं. फिलाडेल्फियात १७८७ च्या उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून ५५ प्रतिनिधी अमेरिकेची घटना लिहायला बसले, तेव्हा त्या खोलीत या दोन्हींची झटापट चालली होती. जेफरसन तेव्हा पॅरिसला अमेरिकेचा राजदूत होता आणि ॲडम्स लंडनला. पण जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं वाचून जेम्स मॅडिसन तयारीनिशी आला होता.

इथे जरा थांबू, कारण मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने सांगून ठेवलं होतं की प्रजासत्ताक लहान मुलखातच टिकतं, देश मोठा झाला की ते मोडतं. तेरा राज्यांच्या अवाढव्य देशापुढे हा मोठाच पेच होता. मॅडिसनने तो उलटा केला. लहान गावात एक गट सहज बहुमत मिळवतो आणि बाकीच्यांना चिरडतो. देश मोठा असेल तर पंथ अनेक, धंदे अनेक, स्वार्थ अनेक, त्यामुळे कोणा एकाचं बहुमत जमणंच अवघड. ज्या विविधतेची भीती घातली जात होती, तिलाच त्याने स्वातंत्र्याची राखण करायला बसवलं. भारतासारख्या देशात राहणाऱ्याला हे वाचताना अंगावर काटा येतो.

घटना मंजूर व्हावी म्हणून मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. हॅमिल्टन कॅरिबियन बेटांवरून आलेला पोरका मुलगा, पुढे अर्थमंत्री झालेला. चार वर्षांत हेच लेखक समोरासमोर उभे ठाकले. हॅमिल्टनला राष्ट्रीय बँक हवी होती. मॅडिसन आणि जेफरसन म्हणाले, घटनेत बँकेचा उल्लेखच नाही. हॅमिल्टन म्हणाला, दिलेलं काम पार पाडायला लागणारं साधन त्या अधिकारातच येतं. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने हॅमिल्टनचं ऐकलं. पक्ष नकोत म्हणणाऱ्यांच्या देशात दोन पक्ष झाले.

भांडण इतकं चिघळलं की १७९८ मध्ये, ॲडम्स राष्ट्राध्यक्ष असताना, सरकारविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा कायदा झाला. कायद्याचं संरक्षण राष्ट्राध्यक्षाला होतं, काँग्रेसला होतं, उपराष्ट्राध्यक्षाला नव्हतं. उपराष्ट्राध्यक्ष होता जेफरसन! मॅथ्यू लायन या खासदाराला या कायद्याखाली शिक्षा झाली. व्हरमाँटच्या मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं.

आणि मग १८०० ची निवडणूक. जेफरसनला राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांची ७३ मतं, त्याच्याच पक्षाच्या ॲरन बरलाही ७३, ॲडम्सला ६५. घटनाकारांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते, म्हणून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची मतं वेगळी मोजायची सोय नव्हती. निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला. फेब्रुवारी १८०१ मध्ये मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या. हॅमिल्टनने आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहिली: बरपेक्षा जेफरसन बरा. ज्याच्याशी दहा वर्षं वैर केलं, त्याच्यासाठी! तीन वर्षांनी त्याच बरच्या गोळीने द्वंद्वात हॅमिल्टन गेला.

४ मार्च १८०१ ला पहाटे ॲडम्स गाडीत बसून राजधानीतून निघून गेला. शपथविधीला थांबला नाही, म्हणून त्याला नावं ठेवतात. मला वाटतं, तो नुसता निघून गेला हेच थोर आहे. फौज बाहेर पडली नाही, कोणाला अटक झाली नाही. पुस्तकांतला विचार पहिल्यांदा जमिनीवर उभा राहिला तो त्या दिवशी, असं मी मानतो.

पण त्या ७३ मतांच्या आत बघायला हवं. घटनेने पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब प्रतिनिधित्वासाठी ठरवला होता. ज्यांना मत नव्हतं, त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांच्या राज्यांना जास्त मतं मिळत होती. त्या वाढीव मतांशिवाय ॲडम्स पुढे राहिला असता, असं अनेक इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. ‘सर्व माणसं समान’ असं लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसांना गुलामगिरीत ठेवलं. ॲडम्सने एकही गुलाम बाळगला नाही. आपण या माणसांवर प्रेम करतो ते हे डोळ्यांआड करून नाही.

१८६५ मध्ये, लाखो माणसं मेल्यावर, गुलामी घटनेतून गेली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पेन वाचलेल्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवतील, अशी आशाही त्याच अर्पणपत्रिकेत लिहिली.