बिल इव्हान्स आवडला, आता पुढे कोण?

नमस्कार मंडळी. इंदूरच्या श्रोत्यांपुढे जॅझवर बोलताना मला एक गोष्ट सोपी जाते, एका कलाकारावरून दुसऱ्याकडे कसं जायचं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. अमीर खाँसाहेब आवडले की माणूस विचारतोच, ही विलंबितातली बढत आली कुठून, आणि मग शोधत शोधत अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डिंगपर्यंत पोचतो, तानेचं विचारलं की कोणीतरी देवासच्या रजब अली खाँचं नाव काढतं. तेच जॅझमध्ये करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता अमेरिकन जॅझ पियानिस्ट बिल इव्हान्स घ्या. बरेच जण म्हणतात की इव्हान्स फार आवडला, तसंच वाजवणारा अजून कोणी सांगा ना. गाण्यांच्या ॲपला विचारलंत तर ते तुम्हाला संथ, हळुवार, रात्री लावायचा पियानो देणार. पण संथ वाजवलं म्हणजे इव्हान्स झाला असं अजिबात नाही! त्याचा डावा हात ऐका. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, मूळ स्वर तो बरेचदा सोडून देतो, कारण तो स्वर बासवाला, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य वाजवणारा, सांभाळतोय, आणि मग बासवालाही नुसता ठेका धरून बसत नाही, पियानोशी बोलायला लागतो. स्कॉट लाफारो बासवर आणि पॉल मोशन ड्रम्सवर असलेली २५ जून १९६१ची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधली रेकॉर्डिंग ऐकली की हे लगेच कळतं. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी लाफारो कार अपघातात गेला, वय फक्त २५. मला अजूनही ते ऐकताना फार वाईट वाटतं.

तर मागे जायचं असेल तर बड पॉवेल, लेनी ट्रिस्टानो, आणि हो, नॅट किंग कोल, गायक म्हणून नाही, पियानिस्ट म्हणून ऐका. आणि पुढे जायचं असेल तर माझा भरवसा साथीदारांवर. पियानिस्ट कीथ जॅरेटची १९८३मध्ये सुरू झालेली ट्रायो, म्हणजे तिघांचा संच, बघा, बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर जॅक डिजॉनेट. पीकॉकने डिसेंबर १९६३मध्ये इव्हान्सबरोबर रेकॉर्डिंग केलंय, आणि डिजॉनेट १९६८मध्ये थोडे महिने त्याच्याच ट्रायोत होता! म्हणजे दोघंही तिकडूनच आलेले, जॅरेट मात्र स्वतःच्याच ढंगात वाजवायचा. तसाच इव्हान्सच्या शेवटच्या ट्रायोतला बासवाला मार्क जॉन्सन, त्याचं नाव धरून गेलात की इटलीचा पियानिस्ट एनरिको पिएरानुन्झी सापडतो, ब्राझीलची पियानिस्ट एलियान एलियास सापडते. पिएरानुन्झी तर ऐकाच, आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

गुरू-शिष्याची वाटही आहे, पियानिस्ट फ्रेड हर्शकडे पियानिस्ट ब्रॅड मेहल्डाऊ शिकलाय.

आता पियानिस्ट थेलोनियस मंकच्या बाबतीत हे चालत नाही. मंकचे साथीदार धरून गेलात तर भलतीकडेच पोचाल, तिथे सरळ मागे ड्यूक एलिंग्टनकडे जायचं, १९५५मध्ये मंकने एलिंग्टनच्या रचनांचा अख्खा अल्बम केलाय, आणि मंकच्याच काळातला पियानिस्ट हर्बी निकल्स ऐकायचा, जो जेमतेम ४४ वर्षं जगला आणि हयातीत फारसा ऐकलाच गेला नाही.

बरं, आता जून १९६८चं स्वित्झर्लंडच्या माँत्रोमधलं इव्हान्सचं रेकॉर्डिंग लावतो, बासवर एडी गोमेझ आहे. पहिल्यांदा पियानो ऐकूच नका, डिजॉनेटवर कान ठेवा, लगेच त्याच्यामागून जॅरेटची ट्रायो लावणार आहे.