ब्राउझरने जुने प्लगइन सोडले. आता काम कसे चालवावे?

नमस्कार. गेल्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी संगणक पाहायला गेलो होतो. गुरुजींनी कपाटातून गणिताच्या धड्यांची सीडी काढली, ब्राउझरमध्ये धडा उघडला, आणि अपूर्णांकांच्या जागी नुसता करडा चौकोन दिसू लागला. सीडी खराब झाली असावी, असे त्यांना वाटले. सीडी शाबूत होती. धडे फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या तंत्रात केलेले होते आणि फ्लॅश चालवणारा प्लगइनच उरला नव्हता.

ब्राउझरला जे स्वतःला जमत नाही, ते करून देणारा बाहेरचा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून चालत आलेल्या या पद्धतीत एक मोठा दोष होता: प्लगइनला संगणकात जवळजवळ मोकळे रान मिळत असे, म्हणजे ओसरीवर बसवायच्या पाहुण्याच्या हाती धान्याच्या कोठीची किल्ली दिल्यासारखे. त्यामुळे क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ही जोडणी काढून टाकली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फक्त फ्लॅशला सवलत ठेवून तेच केले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने आपल्या फ्लॅशचीही साथ सोडली. पुढे १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायला नकार देऊ लागला.

अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतो की जुना ब्राउझर टाका, अपडेट बंद करा. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण त्याच संगणकावर आपण बँकेचे खाते उघडतो आणि सातबाराही काढतो. अनोळखी संकेतस्थळावरून जुना फ्लॅश प्लेअर उतरवून घेणे तर त्याहून वाईट.

आधी आपले काम नेमके कोणत्या प्लगइनवर अडले आहे, ते शोधावे. फ्लॅश असेल, तर रफल नावाचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. तो संगणकावर स्वतंत्रपणेही चालतो, त्यामुळे एकदा उतरवून घेतला की गावात नेट नसले तरी अडत नाही. सीडीतील एसडब्ल्यूएफ फाइल (फ्लॅशची फाइल, नावाच्या शेवटी .swf) त्यात उघडायची. जुन्या पद्धतीच्या फाइली त्यात बहुधा नीट चालतात, ॲक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या नंतरच्या भाषेतील काही अडखळतात.

जिनिंगमधल्या कॅमेऱ्यांच्या जुन्या डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) दुखणे वेगळे असते, कारण त्याला ॲक्टिव्हएक्स हे मायक्रोसॉफ्टचे प्लगइनसारखे तंत्र लागते आणि ते इंटरनेट एक्सप्लोररशिवाय चालत नाही. विंडोजवरील एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात इंटरनेट एक्सप्लोरर मोडला (एजमध्येच जुन्या एक्सप्लोररसारखे पान उघडण्याच्या सोयीला) परवानगी द्यावी आणि डीव्हीआरचा पत्ता त्या यादीत घालावा. ही नोंद ३० दिवसांनी गळून पडते. महिन्याभराने कॅमेरे पुन्हा दिसेनासे झाले, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी यादी पाहावी. या मोडमध्ये फ्लॅश मात्र चालत नाही.

डिजिटल सहीचे काम पूर्वी जावा ॲप्लेटवर, म्हणजे जावा प्लगइनच्या आधारे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चाले. आता बहुतेक ठिकाणी संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो आणि तो ब्राउझर व यूएसबी टोकन (डिजिटल सही साठवलेली, पेनड्राइव्हसारखी वस्तू) यांची गाठ घालून देतो. जीएसटी पोर्टलसाठीचा एमसाइनर हा त्याच जातीचा. तो चालू नसेल, तर टोकन लावूनही सही होत नाही.

शाळेतील सीडीवरच्या अकरा धड्यांपैकी नऊ रफलमध्ये उघडले. उरलेल्या दोन धड्यांसाठी गुरुजींनी फळ्यावर भाकरीचे चित्र काढून तिचे चार भाग केले.