न पोचलेल्या पत्राची बाजू

मंडळी, गोव्यात फोंड्याला आम्ही काही वाचक दर शनिवारी संध्याकाळी जमतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडेल तिथं थांबायचं. यंदा पावसाळ्याचे तीन महिने आम्ही झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' वाचली. पुस्तक इंग्रजी. आमच्यातली एक कॉलेजची मुलगी परिच्छेद वाचून मराठीत सांगायची, आणि चर्चा रंगली की सगळे कोकणीवर यायचे.

२००३ सालची ही कादंबरी. कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेले अशोक आणि आशिमा गांगुली, त्यांचा मुलगा गोगोल, आणि त्याला नकोसं झालेलं ते नाव. पहिल्याच पानावर गरोदर आशिमा परक्या स्वयंपाकघरात तांदळाचं सीरिअल, शेंगदाणे आणि कांदा कालवते. मीठ, लिंबू, हिरवी मिरची घालते आणि मोहरीचं तेल हवं होतं म्हणून हळहळते. हे ऐकताच एक काकू म्हणाल्या, "माझा मुलगा तिथं सुंगटांचं हुमण करतो, पण सोलं घरचीच लागतात त्याला." हुमण म्हणजे कोळंबीची आमटी, सोलं म्हणजे आमसुलं. दर खेपेला त्या सोलं तीन पिशव्यांत गुंडाळून देतात, बॅगेतल्या कपड्यांना वास लागू नये म्हणून.

या कादंबरीबद्दल बोलताना सहसा मुलाबद्दल बोललं जातं. दोन देशांच्या मध्ये वाढलेला मुलगा, त्याची घुसमट. ते खरंच आहे. पण फोंड्यात बसून वाचताना आम्ही सगळे भलत्याच माणसापाशी जाऊन थांबलो. आशिमाच्या आजीपाशी.

बाळाचं नाव ठेवायचा मान या आजीचा. ऐंशी ओलांडलेली ही बाई दोन नावं लिहिते, एक मुलाचं, एक मुलीचं. घरात कुणाला सांगत नाही. कित्येक वर्षांनी स्वतः पोस्टापर्यंत चालत जाते आणि पत्र टाकते. ते पत्र पोचतच नाही. इस्पितळवाले नाव लिहिल्याशिवाय घरी सोडायला तयार नसतात, म्हणून बाप तात्पुरतं 'गोगोल' लिहून देतो. पुढं आजीला झटका येतो आणि ती नावं तिच्यापाशीच राहतात.

या पानावर आमची बैठक तासभर अडली. परदेशी गेलेल्यांची गोष्ट आम्ही मागं राहिलेल्यांच्या बाजूनं ऐकत होतो. पत्र टाकणारी बाजू ती आमची.

त्या तासात जे निघालं ते मला आजही पुरतं सांगता येत नाही. सत्तरी गाठलेल्या एक बाई, एरवी कधी न बोलणाऱ्या, म्हणाल्या, "म्हजें पयलें नांव आतां कोणाकूच याद ना." लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते अजून चालू आहे. गोगोल अठराव्या वर्षी कोर्टात जाऊन स्वतःच्या मर्जीनं निखिल झाला. या बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. समुद्र न ओलांडताच त्यांचं नाव गेलं.

तसं बघितलं तर फोंडा हाच स्थलांतरितांचा तालुका. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, वेर्ण्याहून म्हाळसा अशी दैवतं भक्तांनी जुवारी नदी ओलांडून इकडं आणली. माणसं आली, गावं मागं राहिली. पण वेर्णेकर, लोटलीकर म्हणताना ती गावं आजही तोंडात येतात.

आणि १९६१. त्या ऑक्टोबरमध्ये अशोकचा रेल्वे अपघात होतो, हातातल्या निकोलाय गोगोल या रशियन लेखकाच्या पुस्तकाच्या पानामुळं तो ढिगाऱ्यात सापडतो. त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि पुढं त्यांच्या मुलानातवंडांना, लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येतं. ते घेतलं की भारताचं जातं. या कागदांसाठी आमच्या घरी जुन्या नोंदी उघडल्या तेव्हा आजोबांचं नाव ओळखताच येईना. पोर्तुगीज कारकुनानं 'श'साठी एक्स लिहिला होता, 'नाईक'मधल्या 'क'साठी क्यू-यू-ई. शाळेच्या दाखल्यावर वेगळंच. माणूस एकच आहे हे पटवायला भावानं वर्षभर खेपा घातल्या.

तो भाऊ आता इंग्लंडात, स्विंडनला. दोन वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली. बारशाला नाव कानात सांगायचं आत्यानं, म्हणजे मी. मी फोंड्यात, भाची पाळण्यात, मधे व्हिडिओ कॉल. नाव माझ्या आईनं निवडलं होतं आणि सकाळी फक्त माझ्या कानात सांगितलं होतं. भावानं फोन बाळाच्या कानाशी धरला. मी "कुर्रर्र" केलं, नाव घेतलं, आणि आवाज तुटला. परत घेतलं. परत तुटला. तिसऱ्या वेळी भाऊ म्हणाला, "अर्धंच आलं गो."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाशी नेला, आणि नाव तिनं स्वतः घेतलं.