पोवळ्याचं विष

नमस्कार. माझ्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, विषय प्रवाळांचं विष आहे असं घरी सांगितलं तेव्हा मावशीने आधी बोटातली पोवळ्याची अंगठी काढून ठेवली. घाबरू नका हो, अंगठीत नुसता सांगाडा असतो, विष असतं ते जिवंत पॉलिपच्या, म्हणजे तो सांगाडा बांधणाऱ्या इवल्या जीवाच्या, अंगात.

प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिश आणि सी अ‍ॅनिमोनीच्या भावकीतला, आणि या सगळ्या भावकीचं हत्यार एकच, दंशपेशी. पेशीत एक कुपी, कुपीत विष आणि गुंडाळलेली पोकळ काटेरी नळी, आणि आतलं प्रेशर १५० बारच्या आसपास, म्हणजे गाडीच्या टायरच्या साठ-सत्तर पट. त्याच भावकीतल्या हायड्राचं हायस्पीड कॅमेऱ्याने शूटिंग केलं, २००६ मध्ये ते छापून आलं, तर काटा सुटायला लागतात ७०० नॅनोसेकंद! पण ही कुपी एकदाच फुटते, मग नवी बनवायची, आणि विष म्हणजे प्रोटीन, ते काही फुकट बनत नाही.

इथेच माझा प्रश्न सुरू होतो. बरीचशी प्रवाळं जेवतात ती अंगात राहणाऱ्या शेवाळाच्या जिवावर, ते उन्हात साखर बनवतं आणि यांना देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की शेवाळ बाहेर जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, त्याला आपण ब्लीचिंग म्हणतो. लोकांना वाटतं मेलं. मेलेलं नसतं, उपाशी असतं.

आणि उपाशी जीव काय करणार, शिकार. हवाईतल्या प्रवाळांवर एक प्रयोग झालाय, तोही २००६ मध्येच छापून आला, त्यात माँटिपोरा कॅपिटाटा नावाचं प्रवाळ ब्लीच झाल्यावर एवढं प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खायला लागलं की रोजची सगळी एनर्जी त्यातूनच निघाली, आणि शेजारच्या पोराइट्स नावाच्या प्रवाळांना ते जमलं नाही. मला हा निकाल भन्नाट वाटतो. कारण पकडायला दंशपेशी लागतात, म्हणजे वाईट दिवसांत कोण टिकणार हे थोडंफार विषावर ठरत असेल का? सी अ‍ॅनिमोनीत ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ब्लीच झाल्यावरही विषारीपणा टिकतो. म्हणजे घर चालत नसलं तरी हत्यार विकलेलं नाही.

प्रवाळात हे मोजणं मात्र कटकटीचं काम आहे, मांस म्हणजे सांगाड्यावरचा पातळ थर, त्यात शेवाळ आणि सगळीकडे शेंबडासारखा चिकट म्यूकस. तो म्यूकस पिपेटमध्ये अडकला की दिवस गेला.

शेवटी मावशीकडे येते. तिच्या अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, कोरॅलियम रुब्रम. त्याच्या अंगात हे शेवाळ नसतंच. पहिल्यापासून पकडूनच खातं ते.